पंजाबराव देशमुख

डॉ. पंजाबराव शामराव देशमुख ऊर्फ भाऊसाहेब (जन्म : पापळ, जिल्हा अमरावती, २७ डिसेंबर १८९८, मृत्यू : दिल्ली, १० एप्रिल १९६५) हे विदर्भातील शिक्षणप्रसारक, वेदविद्येचे अभ्यासक, संविधान सभेचे सदस्य आणि स्वतंत्र भारताच्या केंद्रीय मंत्रिमंडळातील कृषी खात्याचे मंत्री होते. अमरावतीच्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेचे ते संस्थापक होत. विदर्भाबाहेर ते मुख्यतः कृषिमंत्री म्हणून ओळखले जातात. वऱ्हाडातील खेड्यांत मात्र त्यांचे नाव शाळेशी जोडलेले आहे. गावात शाळा असूनही शेतकऱ्याचा मुलगा चौथीच्या पुढे का जात नाही, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या विद्यार्थिदशेत अनुभवला होता. शाळा आणि घर यांच्यामधील अंतर हे त्याचे एक मोठे कारण आहे हे त्यांनी ओळखले आणि म्हणूनच आपल्या कार्याचा प्रारंभ वर्गखोलीपासून न करता वसतिगृहापासून केला.

वऱ्हाडातील शाळांची पूर्वपीठिका

इंग्रजी अंमलापूर्वी वऱ्हाडात शिक्षणाची व्यवस्था अगदीच नव्हती असे नाही. मोठ्या गावांत व बाजारपेठांत पंतोजींच्या गावठी शाळा असत. एखाद्या वाड्याच्या ओसरीवर किंवा देवळाच्या सभामंडपात मुले जमत, धुळपाटीवर अक्षरे गिरवीत, मोडी लिहिण्यास शिकत आणि पावकी, निमकी, सवाईकी, दिडकी यांची उजळणी करीत. हिशेब ठेवणे आणि कागद लिहिणे एवढे साधले की शिक्षण पुरे झाले असे मानले जाई. या शाळांत येणारी मुले बहुधा ब्राह्मण, वाणी आणि वतनदार कुटुंबांतील असत. नांगर धरणाऱ्याच्या मुलाला तेथे जाण्याचे प्रयोजन वाटत नसे. अस्पृश्य मानलेल्या जातींना आणि मुलींना तर दारच बंद होते.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात दिला. त्यानंतर १८६० च्या दशकात या प्रांतात स्वतंत्र शिक्षण खाते सुरू झाले. इयत्ता, हजेरीपट, छापील क्रमिक पुस्तक, वार्षिक परीक्षा आणि शाळा तपासनीस या गोष्टी त्याच्याबरोबर आल्या. आज शाळा म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारे चित्र वऱ्हाडात या काळापासूनचे आहे. वाशिम हे तेव्हा एका जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते. १९०५ मध्ये तो जिल्हा मोडून त्याचा प्रदेश अकोला व यवतमाळ या जिल्ह्यांत विभागला गेला.

नव्या व्यवस्थेतील शिक्षणाची चढण पायऱ्यापायऱ्यांची होती. पहिल्या चार इयत्ता गावात किंवा शेजारच्या गावात होत. पुढे मिडल स्कूल मोठ्या गावी आणि हायस्कूल शहरात. त्यामुळे मालेगावकडील किन्हीराजा, मेडशी यांसारख्या गावांतील ज्या मुलाला मॅट्रिकपर्यंत जायचे असेल त्याला अर्ध्या वाटेवरच घर सोडणे भाग होते. शहरात नातेवाईक असला तर त्याच्याकडे राहायचे, नसला तर खोली घेऊन हाताने स्वयंपाक करायचा. खेड्यातील पालकाच्या घरी धान्य असे, पण दरमहा पाठविण्याजोगा रोख पैसा नसे. शिवाय कापसाच्या वेचणीच्या दिवसांत घरातील प्रत्येक हात शेतात लागे आणि गावच्या शाळेतील वर्ग ओस पडत. ग्रामीण शाळेत ज्यांनी शिकविले आहे त्यांना या ओस पडलेल्या वर्गांचे वेगळे वर्णन करून सांगण्याची गरज नाही.

बालपण आणि शिक्षण

पंजाबरावांचा जन्म पापळ येथील शेतकरी कुटुंबात झाला. वडिलांचे नाव शामराव आणि आईचे नाव राधाबाई. घराण्याचे मूळ आडनाव कदम. गावाच्या देशमुखीमुळे देशमुख हे नाव रूढ झाले. गावातील शाळेत शिक्षणाचा आरंभ झाल्यानंतर त्यांना चांदूर रेल्वे येथे जावे लागले, तेथून कारंजा येथे, आणि शेवटी अमरावतीच्या हिंदू हायस्कूलमध्ये. कारंजा तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. आज ते वाशिम जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. मॅट्रिक होईपर्यंत चार गावे बदलावी लागणे ही त्या काळी अपवादात्मक गोष्ट नव्हती. एवढी गावे बदलूनही मॅट्रिकपर्यंत पोहोचणे मात्र अपवादात्मक होते.

मॅट्रिकनंतर पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला. अमरावतीत त्या वेळी महाविद्यालय नव्हते; सरकारी किंग एडवर्ड महाविद्यालय तेथे १९२३ मध्ये निघाले. पंजाबरावांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात नाव घातले. तेथील पदवी पूर्ण होण्यापूर्वीच, १९२० मध्ये, ते उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला रवाना झाले. एका मध्यम शेतकऱ्याला मुलाचा विलायतेतील खर्च झेपणारा नव्हता. वडिलांनी त्यासाठी कर्जाचा भार पत्करला. पुढे एडिंबरो विद्यापीठाची व्हॅन्स डनलॉप शिष्यवृत्ती मिळाल्याने मार्ग काहीसा सुकर झाला.

एडिंबरो येथे त्यांनी एम.ए. ही पदवी संपादन केली, ऑक्सफर्ड विद्यापीठातून डॉक्टरेट मिळविली आणि ते बॅरिस्टरही झाले. वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. हा इंग्रजी प्रबंध १९३३ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. विषयाची ही निवड लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या समाजाला वेदाध्ययनाचा अधिकार परंपरेने नाकारला होता, त्या समाजातील एका तरुणाने वेदांचा अभ्यास श्रद्धेने किंवा द्वेषाने न करता इतिहासाच्या साधनांनी केला. पुढील आयुष्यात धार्मिक रूढींविरुद्ध त्यांनी जी भूमिका घेतली, तिच्यामागे या अभ्यासाचे बळ होते.

श्रद्धानंद छात्रालय

१९२६ मध्ये पंजाबराव भारतात परतले आणि अमरावतीस वकिली करू लागले. बॅरिस्टर होऊन आलेल्या माणसाकडून लोकांची जी अपेक्षा असते ती वकिलीतील यशाची आणि बंगल्याची. पंजाबरावांचे लक्ष मात्र शहरात शिकण्यासाठी येणाऱ्या खेड्यांतील मुलांकडे गेले. १९२७ च्या सुमारास त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय सुरू केले. डिसेंबर १९२६ मध्ये हत्या झालेले आर्यसमाजी नेते स्वामी श्रद्धानंद यांचे नाव त्याला देण्यात आले. श्रद्धानंदांनी अस्पृश्योद्धाराचे कार्य केले होते; त्यामुळे या नावातूनच छात्रालयाचे धोरण स्पष्ट होत होते. सर्व जातींच्या विद्यार्थ्यांना तेथे प्रवेश होता.

महाराष्ट्रात वसतिगृहांची परंपरा यापूर्वीच सुरू झाली होती. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि त्यामागोमाग निरनिराळ्या जातींची वसतिगृहे उभी राहिली. भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. पंजाबरावांचे छात्रालय या दुसऱ्या प्रकारात मोडते. जातवार वसतिगृहांनी मुलांना निवारा दिला, पण पंगत वेगळीच ठेवली. एकत्र वसतिगृहात पंगतीचा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहतो आणि तो चालकाला सोडवावाच लागतो. त्या काळात अशा वसतिगृहात मुलगा ठेवणे म्हणजे पालकाने गावातील बोलणी सहन करण्याची तयारी ठेवणे होते.

स्वतः पंजाबरावांनी २६ नोव्हेंबर १९२७ रोजी मुंबईच्या विमल वैद्य यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. विमलाबाईंनी लग्नानंतरही आपले शिक्षण चालू ठेवून कायद्याची पदवी मिळविली आणि पुढे पतीच्या निधनानंतर त्या राज्यसभेच्या सदस्य झाल्या. त्याच वर्षी अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा यासाठी चळवळ सुरू झाली. तीत पंजाबराव अग्रभागी होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही नोव्हेंबर १९२७ मध्ये या प्रश्नावर अमरावतीस भरलेल्या परिषदेचे अध्यक्षपद भूषविले.

जिल्हा कौन्सिल आणि सक्तीचे शिक्षण

१९२८ मध्ये पंजाबराव अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. खासगी वसतिगृहात पाच-पन्नास मुलांची सोय होते. जिल्हा कौन्सिलच्या हाती साऱ्या जिल्ह्याच्या प्राथमिक शाळा होत्या. म्हणून या दोन-अडीच वर्षांचे महत्त्व त्यांच्या चरित्रात पुढील मंत्रिपदांपेक्षा कमी मानता येत नाही.

सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची कल्पना नवी नव्हती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात बाराव्या वर्षापर्यंतच्या मुलांसाठी ती मागणी केली होती. शेतकऱ्याच्या कष्टातून जमणारा महसूल वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. बडोद्यास सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्ती लागू केली आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये तसा कायदा केला. मध्यप्रांत व वऱ्हाडात १९२० च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने हा अधिकार स्थानिक संस्थांकडे दिला. म्हणजे सक्ती करायची की नाही हे जिल्हा कौन्सिलने ठरवायचे, आणि तिच्यासाठी लागणाऱ्या पैशाचा मोठा वाटा उभारण्याची जबाबदारीही तिच्यावरच. कायदा झाला तरी बहुतेक ठिकाणी तो कागदावर राहिला याचे कारण या दुसऱ्या अटीत आहे.

पंजाबरावांनी जिल्ह्यात शिक्षणकर वाढविला आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याच्या दिशेने पाऊल टाकले. हा निर्णय लोकप्रिय होण्यासारखा नव्हता. कौन्सिलचे उत्पन्न मुख्यतः जमीन महसुलाबरोबर वसूल होणाऱ्या पट्टीवर अवलंबून असे. म्हणजे वाढीव भार शेतकऱ्यावरच पडणार होता, आणि शेतकऱ्याचे हित हेच तर पंजाबरावांचे राजकारण होते. त्यातच १९२९ नंतर जागतिक मंदीमुळे कापसाचे भाव कोसळले. वऱ्हाडचा सारा व्यवहार कापसावर चालणारा; त्यामुळे कर देणाऱ्याची स्थिती झपाट्याने खालावली. मुलगा शाळेत पाठवायचा तर घरातील एक मजूर कमी होणार आणि वर पट्टीही भरायची, असा दुहेरी बोजा कुणब्याला वाटणे स्वाभाविक होते. फुल्यांनी ज्या महसुलाचा हिशेब मागितला होता तो शेतकऱ्याच्या मुलांकडे वळविण्याचा हा प्रयत्न होता. पण नवा कर न बसविता तो करण्याचे साधन जिल्हा कौन्सिलजवळ नव्हते. तरीही पंजाबरावांनी तो मार्ग स्वीकारला, ही गोष्ट त्यांच्या राजकीय धैर्याची निदर्शक म्हणावी लागेल.

याच काळात जिल्ह्यातील सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचा निर्णय त्यांनी घेतला. शाळेच्या दृष्टीनेही याचे महत्त्व होते. ज्या मुलाला शाळेच्या आवारातील पाणी पिता येत नाही, त्याच्यावर हजेरीची सक्ती करण्यास अर्थ राहत नाही.

प्रांतिक मंत्रिपद आणि देवस्थान विधेयक

१९३० मध्ये पंजाबराव मध्यप्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळात गेले. वऱ्हाड कायद्याने निजामाचा प्रदेश असल्याने तेथून निवडून आलेल्या प्रतिनिधींची गव्हर्नरकडून रीतसर नेमणूक करावी लागे, असा त्या काळचा चमत्कारिक नियम होता. विधिमंडळात गेल्यावर त्यांच्याकडे शिक्षण, कृषी आदी खात्यांचे मंत्रिपद आले. ते वर्ष सविनय कायदेभंगाचे होते. काँग्रेसने निवडणुकांवर बहिष्कार घातला होता आणि तिचे कार्यकर्ते तुरुंगात होते. अशा वेळी सरकारात बसल्याबद्दल पंजाबरावांवर टीका झाली आणि राष्ट्रीय चळवळीच्या बाजूने पाहता ती निराधार म्हणता येणार नाही. मिळालेल्या सत्तेचा उपयोग बहुजनांच्या शिक्षणासाठी करून घ्यावा, ही सत्यशोधक चळवळीने रुजविलेली दृष्टी त्यांच्या निर्णयामागे होती.

त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत वादग्रस्त प्रस्ताव म्हणजे १९३२ चे हिंदू देवस्थान संपत्ती विधेयक. मंदिरांकडे साठणाऱ्या उत्पन्नावर सार्वजनिक नियंत्रण असावे आणि त्यातील शिल्लक शिक्षणासारख्या लोकोपयोगी कामाकडे वळवावी, असा त्याचा आशय होता. शिक्षणकराचा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाला ही कल्पना सुचणे क्रमप्राप्त होते. शेतकऱ्यावर आणखी पट्टी बसविता येत नाही. मग त्याच शेतकऱ्याने देवापुढे ठेवलेला पैसा त्याच्या मुलांसाठी का वापरू नये, असा तो विचार होता. सनातनी मंडळींनी त्याला कडाडून विरोध केला आणि विधेयक मंजूर होऊ शकले नाही. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांसाठी कर्ज-लवादाचा कायदा व्हावा यासाठीही त्यांनी प्रयत्न केले. असा कायदा मध्यप्रांतात १९३३ मध्ये झाला. त्याच वर्षी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

श्री शिवाजी शिक्षण संस्था

१९३२ मध्ये अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्थेची स्थापना झाली. सरकारी खाते आणि जिल्हा कौन्सिल यांच्या मर्यादा आतून पाहिल्यानंतर पंजाबराव लोकवर्गणीवर चालणाऱ्या संस्थेकडे वळले, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. कौन्सिलचा अध्यक्ष बदलला की धोरण बदलते. संस्था टिकली तर काम टिकते.

हायस्कूल शहरातून काढून मोठ्या खेड्यांपर्यंत नेणे हा संस्थेच्या विस्ताराचा गाभा होता. त्यासाठी गावकऱ्यांनी जागा द्यावी, वर्गणी जमवावी, बांधकामाला हात लावावा आणि संस्थेने शिक्षक व मान्यता यांची व्यवस्था पाहावी, असा प्रकार विदर्भात या व पुढे निघालेल्या इतर संस्थांनी रूढ केला. हायस्कूल गावात आले की वसतिगृहाची निकड आपोआप कमी होते, आणि मुख्य म्हणजे मुलींना पुढे शिकता येते. मुलाला शहरात खोली घेऊन ठेवण्यास तयार होणारे पालक मुलीच्या बाबतीत तसे करीत नसत.

१९४६ मध्ये संस्थेने अमरावतीत शिवाजी महाविद्यालय सुरू केले. १९५४ मध्ये अकोल्यासही महाविद्यालय निघाले. पुढे कृषी, विज्ञान, वैद्यक अशा शाखांत संस्थेचा विस्तार झाला. अमरावतीचे वैद्यकीय महाविद्यालय १९८४ मध्ये, म्हणजे संस्थापकाच्या निधनानंतर बऱ्याच वर्षांनी, त्यांच्याच नावाने सुरू झाले. आज विदर्भातील मोठ्या शिक्षणसंस्थांमध्ये तिची गणना होते. एवढ्या मोठ्या संस्थेत सत्तास्पर्धाही येते आणि बहुजनांच्या सर्वच संस्थांना तो रोग जडला आहे. मात्र त्याचा जाब संस्थापकाकडे मागणे न्यायाचे होणार नाही.

संविधान सभा आणि कृषिमंत्रिपद

मध्यंतरी काही काळ पंजाबराव देवास (धाकटी पाती) संस्थानात मंत्री होते. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर मध्यप्रांत व वऱ्हाडातून त्यांची संविधान सभेवर निवड झाली. तेथे शेतकरी आणि मागासलेले वर्ग यांच्या बाजूने त्यांनी सातत्याने मते मांडली. अनुसूचित जाती व जमातींखेरीज शिक्षणात मागे राहिलेले इतरही मोठे समूह देशात आहेत आणि त्यांचाही विचार झाला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

१९५२, १९५७ आणि १९६२ अशा तीन निवडणुकांत ते काँग्रेसतर्फे अमरावतीतून लोकसभेवर निवडून आले. १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात त्यांनी कृषी व सहकार या विषयांचे काम पाहिले. भातशेतीच्या जपानी पद्धतीचा प्रसार, १९५५ मध्ये स्थापन झालेला भारत कृषक समाज आणि १९५९-६० मध्ये दिल्लीत भरलेले जागतिक कृषी प्रदर्शन ही या काळातील त्यांची प्रमुख कामे होत. प्रदर्शन म्हणजे त्यांच्या दृष्टीने निरक्षर शेतकऱ्याची शाळाच होती. देशभरातून शेतकरी ते पाहण्यासाठी आले आणि त्यांतील अनेकांनी रेल्वेचा लांबचा प्रवास प्रथमच केला असेल.

निधन आणि स्मृती

१० एप्रिल १९६५ रोजी दिल्ली येथे पंजाबरावांचे निधन झाले. विदर्भासाठी स्वतंत्र कृषी विद्यापीठ असावे ही मागणी त्यांच्या हयातीत पूर्ण झाली नव्हती. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोला येथे ते विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याला पंजाबरावांचे नाव देण्यात आले. संपूर्ण विदर्भ त्याच्या कार्यक्षेत्रात येतो. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा पुन्हा अस्तित्वात आला. पंजाबराव ज्या कारंज्यात शिकले ते गाव आणि मालेगाव तालुक्यातील किन्हीराजा ही आता याच जिल्ह्यात आहेत. २७ डिसेंबर हा त्यांचा जन्मदिवस विदर्भातील अनेक शाळा-महाविद्यालयांत साजरा केला जातो.